जांभळ्या ठिणगीची पेटी

यवतमाळच्या एखाद्या ब्यूटी पार्लरमध्ये फेशियल संपत आले, की कधी कधी कपाटातून एक छोटी पेटी निघते. हातात धरायची मूठ आणि तिच्या टोकाला बसवलेली काचेची नळी, एवढाच तिचा पसारा. बटण दाबले की नळीत जांभळा उजेड भरतो. गालाजवळ नेली की बारीक तडतड ऐकू येते आणि ओझोनचा उग्र वास नाकाशी येतो. ‘मुरुमांवर चांगलं असतं, ताई, घाबरू नका,’ असा दिलासाही सोबत मिळतो. केस गळत असतील तर नळीऐवजी काचेचा कंगवा बसवतात. पार्लरच्या भाषेत या पेटीचे नाव ‘हाय फ्रिक्वेन्सी’.

हे यंत्र नव्या फॅशनचे वाटते, पण त्याचा मूळ आराखडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. जुन्या वस्तूंचे शौकीन आज ज्या पेट्या हजारो रुपये मोजून घेतात आणि महिनोन्‌महिने खपून दुरुस्त करतात, त्यांतही हाच कंगवा, हीच नळी आणि हाच उजेड असतो. फरक इतकाच की त्या काळी ही पेटी मुरुमांपुरती नव्हती. दम्यापासून टकलापर्यंत, संधिवातापासून निद्रानाशापर्यंत सगळे तिच्या पुस्तिकेत छापलेले असे. ही पेटी प्रयोगशाळेतून दवाखान्यात, दवाखान्यातून घरात, घरातून कोर्टात आणि शेवटी पार्लरमध्ये कशी आली, याची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यात एक मराठी माणूसही भेटतो.

सुरुवात पॅरिसची. झाक आर्सेन दार्सोनव्हाल (१८५१–१९४०) हा थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याचा सहायक. त्याचे एक पाऊल वैद्यकात होते, तर दुसरे विजेत. विजेने स्नायू आखडतो हे गॅल्व्हानीने बेडकावर केलेल्या प्रयोगापासून माहीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर द्युशेन या फ्रेंच डॉक्टराने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेने हलवून दाखवले होते. दार्सोनव्हालचा प्रश्न वेगळा होता. प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभरदा बदलली तर स्नायू आखडतो, मग हजारदा बदलली तर काय होईल? दहा हजारदा?

१८९०–९१ च्या सुमारास त्याला उत्तर मिळाले आणि ते कोणाच्या अपेक्षेत नव्हते. आवर्तने वाढतील तसा स्नायूवरचा परिणाम आधी वाढत गेला. सेकंदाला अडीच ते पाच हजारांच्या आसपास तो टोकाला पोहोचला आणि तिथून पुढे कमी कमी होऊ लागला. फिरत्या यंत्राने याहून फार वर जाता येत नव्हते. पण हाइनरिख हर्ट्‌झने तोवर ठिणगीच्या साह्याने लाखो आवर्तनांचे विद्युतदोलन निर्माण करण्याची वाट दाखवली होती. दार्सोनव्हालने ती वाट धरली. लाखांच्या घरात गेलेल्या या प्रवाहाने स्नायू हललाही नाही आणि वेदनाही झाली नाही, जाणवली ती किंचित ऊब. त्याने स्वतःच्या अंगातून असा प्रवाह जाऊ दिला आणि त्याच मंडलात जोडलेला दिवा पेटवून दाखवला. एरवी माणूस मारायला पुरेल इतका प्रवाह अंगातून जातो, दिवा जळतो आणि माणूस शांत उभा राहतो, हे पाहणाऱ्यांना चमत्कारच वाटले असणार. कारण मात्र साधे आहे. मज्जातंतू उत्तेजित व्हायला त्याच्या आवरणाच्या दोन्ही बाजूंचे विद्युतभारित कण थोडेसे तरी सरकावे लागतात. प्रवाह सेकंदाला लाखो वेळा पालटला, तर ते सरकायच्या आतच मागे ओढले जातात. तंतूला काही कळत नाही आणि विजेची ऊर्जा नुसती उष्णता होऊन मुरते.

तिकडे न्यूयॉर्कला निकोला टेस्ला याच टप्प्यावर आला होता. २० मे १८९१ रोजी कोलंबिया कॉलेजात त्याने विद्युत अभियंत्यांपुढे उच्च आवर्तनांच्या प्रवाहाचे प्रयोग करून दाखवले आणि त्याच वर्षी या प्रवाहांचा वैद्यकात उपयोग होईल असेही लिहिले. १८९८ मध्ये बफेलोला विद्युतोपचारकांची परिषद भरली, तेव्हा अशा उपचारांसाठी लागणाऱ्या दोलकांवर त्याने सविस्तर निबंध दिला. दोघांपैकी पहिला कोण, यावर विजेच्या इतिहासात पुष्कळ शाई सांडली आहे. माझ्या मते तो वाद निष्फळ आहे. टेस्लाला यंत्रात रस होता, दार्सोनव्हालला शरीरात. पेटी तयार व्हायला दोघेही लागले, आणि तिसराही. पॅरिसचाच डॉक्टर पॉल उदँ. त्याने अनुनादी कॉइल जोडून प्रवाहाचा दाब इतका वाढवला की तो तारेच्या टोकातून जांभळ्या झुपक्यासारखा हवेत उतरू लागला. आज काचेच्या नळीत दिसणारा उजेड मूळचा या उदँच्या कॉइलचा.

पुढची दहा-पंधरा वर्षे हे उपचार पॅरिस, बर्लिन, लंडनच्या प्रतिष्ठित दवाखान्यांत चालले. माणूस उभा राहील एवढ्या तारेच्या वेटोळ्याच्या पिंजऱ्यात रुग्णाला ठेवत. तारेत प्रवाह, आत रुग्ण, आणि दोहोंत स्पर्श नाही. रक्तदाब उतरतो, मधुमेह आटोक्यात येतो, थकवा जातो, असे दावे झाले. हे करणारे भोंदू नव्हते, शिकलेले डॉक्टर होते आणि आपापल्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापत होते. उणीव होती ती तुलनेची. पिंजऱ्यात न बसलेल्या तशाच रुग्णांचे काय झाले, हे कोणी पाहिले नाही. पिंजऱ्यात बसून बरे वाटलेला माणूस पिंजऱ्यामुळे बरा झाला, की फीमुळे, की विश्रांतीमुळे, हे सांगायची सोयच नव्हती.

इथे वाट फुटते. काही डॉक्टरांनी पिंजरा सोडला आणि उष्णतेवर लक्ष ठेवले. प्रवाहाने खोलवरचा भाग तापतो एवढे तर खरे होते. बर्लिनच्या फ्रान्झ नागेलश्मिटने १९०८ च्या सुमारास याला डायथर्मी हे नाव दिले. आज फिजिओथेरपीत गुडघ्याला किंवा पाठीला दोन पट्टे लावून ‘शेक’ देतात, त्यातला शॉर्टवेव्ह शेक हा याच शाखेचा. टोक अगदी बारीक केले, तर तीच उष्णता पेशी जाळते आणि रक्तवाहिन्या बंद करते, हेही लक्षात आले होते. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंगने हार्वर्डच्या विल्यम बोव्ही याने बनवलेले यंत्र पहिल्यांदा शस्त्रक्रियेत वापरले. रक्तस्रावामुळे आधी अर्धवट सोडावी लागलेली गाठ त्याने त्या यंत्राच्या जोरावर काढली. आज यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असो की दारव्ह्याच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी ‘कॉटरी’ असतेच. दार्सोनव्हालच्या कामाचे खरे वारसदार हे यंत्र, कंगवा नव्हे.

या शाखेचा एक पराक्रम युद्धातलाही आहे. १९४० मध्ये जर्मन विमाने रेडिओच्या झोताच्या आधाराने रात्री इंग्लंडवर येत होती. तो झोत बिघडवायला हाताशी यंत्रे नव्हती. ब्रिटिशांनी इस्पितळांतली डायथर्मी यंत्रे गोळा करून त्यांत फेरफार केले आणि ती शत्रूच्या झोतावर गोंगाट करायला लावली. सांधेदुखीचा शेक देणारे यंत्र लंडन वाचवायला उभे राहिले. या यंत्रांचा रेडिओला होणारा त्रास हे शांततेच्या काळातलेही जुने दुखणे होते. म्हणूनच १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत उद्योग आणि वैद्यक यांच्यासाठी वेगळ्या लहरपट्ट्या राखल्या गेल्या. आजचे शॉर्टवेव्ह शेकयंत्र २७.१२ मेगाहर्ट्‌झवर चालते ते या निर्णयामुळे.

दुसरी शाखा घराकडे वळली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत या यंत्राची छोटी आवृत्ती बाजारात आली. डेट्रॉइटची रेन्यूलाइफ, शिकागोची मास्टर, अशा बऱ्याच कंपन्या झाल्या. एक छोटी बॅग, आतून मखमलीने मढवलेली. तिच्यात कंपनाने जोडतोड करणारा इंटरप्टर, कंडेन्सर, काळ्या एबोनाइटची किंवा बेकेलाइटची मूठ आणि मुठीत उंच दाब तयार करणारी कॉइल. शेजारी वेगवेगळ्या आकारांच्या काचेच्या नळ्या ओळीने बसवलेल्या. छत्रीसारख्या टोकाची गालासाठी, कंगव्याची डोक्यासाठी, लांब बारीक घशासाठी, आणि आणखीही काही, ज्यांचा उल्लेख कौटुंबिक मासिकात न केलेला बरा. नळीतली हवा बरीचशी काढलेली असल्यामुळे आत जांभळा उजेड पडे. काहींत निऑन भरत, मग उजेड नारिंगी दिसे आणि किंमत वाढे.

‘व्हायोलेट रे’ हे नावच अर्धे दुकान होते. १८९५ मध्ये रेन्टगेनला एक्स-रे सापडला, १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला रेडियम. १९०३ मध्ये त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या फिन्सेनला नोबेल मिळाले. किरणांनी हाडे दिसतात, किरणांनी रोग बरे होतात, हे त्या पिढीने वर्तमानपत्रात वाचले होते. मग घरात जांभळा किरण आला, तर त्यावर अविश्वास कशाला दाखवायचा? वस्तुस्थिती अशी की नळीतला उजेड म्हणजे अतिनील किरण नव्हेत. असलेच तर ते साधी काच अडवून धरते. त्वचेवर पोहोचतात त्या बारीक ठिणग्या, थोडी उष्णता आणि थोडा ओझोन. त्यांनी त्वचा लाल होते, तिथला रक्तपुरवठा काही वेळ वाढतो, चामखीळ जाळता येते, वरवरचे काही जंतू मरतात. हे खोटे नाही. दमा, मधुमेह, अर्धांगवायू, टक्कल ही त्यापुढची यादी खोटी. विकणाऱ्यांनी पुस्तिकेत रोगांची वर्णक्रमाने लांबलचक यादी छापली, प्रत्येकापुढे नळी कोणती आणि किती मिनिटे तेही. शास्त्राची भाषा उचलली आणि शास्त्राची शिस्त टाकून दिली.

या यादीच्या काळातच अमेरिकेत आपला माणूस येतो.

शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबई, २९ एप्रिल १८६७. ‘विविध कलाप्रकाश’ या मासिकातून मराठीत विज्ञान आणि यंत्रे समजावून सांगणारे हे गृहस्थ पुढे स्वतःच संशोधक झाले. किराणा मालाचे वजन आपोआप करणाऱ्या यंत्राच्या कल्पनेला लंडनच्या एका नियतकालिकाचे बक्षीस मिळाले आणि ते इंग्लंडला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. मुद्रणाचे खिळे ओतणाऱ्या त्यांच्या यंत्राने नाव कमावले आणि १९१० मध्ये सर रतन टाटांच्या पाठबळाने टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट निघाले. ते फार चालले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे न्यूयॉर्कला गेले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. आपल्याकडे त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणतात. एडिसनशी त्यांची भेटही झाली होती. उपमा थोडी अतिशयोक्तीची आहे, पण खिळे ओतण्याचे त्यांचे काम खरोखर अव्वल दर्जाचे होते.

खिळ्यांच्या यंत्रातून पैसा नीट उभा राहिला नाही. भिसे रसायनांकडे वळले. धुण्याची पूड काढली, आयोडीनच्या औषधांवर काम केले. १९२० च्या दशकात त्यांनी अ‍ॅटोमिडीन नावाचे आयोडीनचे द्रावण आणले. भिसे मानसशास्त्रीय आणि अतींद्रिय संशोधनातही रमत. त्यांच्या पिढीच्या पुष्कळ शास्त्रज्ञांत हा ओढा होता, त्यात वावगे वाटण्यासारखे तेव्हा काही नव्हते.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया बीच गावात तेव्हा एडगर केसी (१८७७–१९४५) नावाचा मूळचा छायाचित्रकार राहत होता. डोळे मिटून गुंगीत जायचा आणि दूर गावच्या, कधी न पाहिलेल्या रुग्णाचे निदान व उपाय सांगायचा. शेजारी बसलेली सेक्रेटरी ते उतरवून घ्यायची. अशी चौदा हजारांवर सत्रे आज जपून ठेवलेली आहेत. त्यातल्या शेकडो सत्रांत केसी व्हायोलेट रेची पेटी वापरायला सांगतो. आणि अनेकांत, कधी त्याच रुग्णाला, भिसेंचे अ‍ॅटोमिडीन थेंबाथेंबाने घ्यायला. मुंबईत मराठीतून यंत्रविद्या शिकवणाऱ्या माणसाचे औषध, शिकागोत बनलेली ठिणगीची पेटी आणि व्हर्जिनियातला गुंगीत बोलणारा माणूस हे तिघे एकाच चिठ्ठीवर आले. केसीच्या अनुयायांनी ते औषध भिसेंच्या पश्चात अनेक दशके चालू ठेवले. भिसेंचे खिळे ओतणारे यंत्र आज कुठे चालत नाही. त्यांच्या आयोडीनचे नाव मात्र अमेरिकेतल्या पर्यायी उपचारांच्या वर्तुळात अजून निघते. इतिहासाचा हा न्याय मला अजब वाटतो. भिसेंनाही आवडला नसता असे वाटते, कारण त्यांना नाव हवे होते ते यंत्रासाठी.

अशी पेटी त्या काळी आपल्या भागात यायची म्हटली असती, तर ती कशी आली असती? बोटीने मुंबई, तिथून जीआयपी रेल्वेने धामणगाव आणि मग सडकेने यवतमाळ. किंवा मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेच्या अरुंद डब्यातून.   किलिक निक्सन कंपनीची ही छोटी गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी टाकली गेली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले आणि १९९४ पर्यंत चालले. जाताना कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी, येताना विलायती माल. पोस्टाची व्ही. पी. पद्धत तर १८७७ पासून देशात होती. मुंबई-कलकत्त्याचा जाहिरातदार वणीच्या वकिलाला किंवा दिग्रसच्या जिनवाल्याला माल धाडू शकत होता. वर्तमानपत्रांत विजेचे पट्टे आणि विजेच्या अंगठ्या यांच्या जाहिराती सर्रास येत. अशक्तपणा, सांधेदुखी, ‘नसांची कमजोरी’ यांवर रामबाण, आणि पैसे पोस्टमनला द्यायचे.

अडचण वेगळीच होती. व्हायोलेट रेला घरात वीज लागते. अमेरिकेत ११० व्होल्टची. यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक खेड्यांत वीज पोहोचली ती स्वातंत्र्यानंतर.   शेतात पंप आणि गावात खांब येताना ज्यांनी पाहिले ती माणसे अजून आहेत. म्हणजे व्हायोलेट रेचा जगभरातला जोर ओसरला, त्याच सुमारास आपल्या खेड्यांत सॉकेट आले. वीज नसलेल्या गावात चालेल असे विद्युतोपचाराचे एक यंत्र होते: हाताने फिरवायचे मॅग्नेटो. लोहचुंबकापुढे कॉइल फिरवणारे लाकडी खोक्यातले हे यंत्र अमेरिकेत १८५४ मध्ये डेव्हिस आणि किडर यांच्या नावाने पेटंट झाले होते. दोन पितळी मुठी रुग्णाच्या हातात, दांडा दुसऱ्याच्या हातात. दांडा जोरात फिरवला की मुठी सुटत नाहीत. हे कमी आवर्तनांचे होते, त्यामुळे चांगलाच झटका बसे. जुन्या लोकांच्या तोंडी ‘विजेचा इलाज’ म्हटले की भीती असते ती या झटक्याची. दार्सोनव्हालने टाळला होता तोच झटका.

पेटीचा शेवट अमेरिकेत कोर्टात झाला. १९३८ च्या कायद्याने अन्न व औषध प्रशासनाला औषधांबरोबर उपकरणांवरही हात टाकता आला. १९५१ मध्ये इंडियानामधल्या संघीय न्यायालयात मास्टरच्या यंत्रांवर कारवाई झाली आणि यंत्रे जप्त झाली. आक्षेप ठिणगीवर नव्हता. आक्षेप होता यादीवर, पेटीबरोबर दिलेल्या छापील दाव्यांवर. आपल्याकडे अशाच हेतूने १९५४ मध्ये औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आला. त्याच्या व्याख्येत औषध म्हणजे फक्त गोळी किंवा काढा नव्हे. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी बनवलेली, अन्नाखेरीज कोणतीही वस्तू त्यात येते. म्हणजे विजेचा पट्टा आणि जांभळा कंगवाही त्यात येतो. १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द ठरवला, पण त्याचा गाभा शिल्लक राहिला. परिशिष्टात मधुमेह, अर्धांगवायू, लठ्ठपणा असे रोग मोजून दिले आहेत. व्हायोलेट रेच्या पुस्तिकेतली यादी आणि ही यादी शेजारी ठेवून वाचाव्यात. बरीच नावे जुळतात. अर्थात, कायदा असूनही सांजदैनिकांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवर काय काय दिसते ते वाचकांना माहीत आहेच.

आता राहिला प्रश्न जुन्या पेटीच्या दुरुस्तीचा, कारण शौकीन वाढले आहेत. जुनी पेटी हाती लागली की पहिली इच्छा होते ती प्लग लावून पाहण्याची. तेच करू नये. रबराचे आवरण ऐंशी-नव्वद वर्षांत कडक होऊन तडकलेले असते, कापडी वेष्टन उंदरांनी किंवा कसरीने खाल्लेले असते. अमेरिकन पेटी ११० व्होल्टची, आपल्याकडे २३०. सर्वांत धोक्याचे म्हणजे यातले बहुतेक मंडल घरच्या विजेपासून वेगळे केलेले नसते. मुठीतला उंच आवर्तनांचा प्रवाह झटका देत नाही, पण त्याच पेटीतली घरची पन्नास आवर्तनांची वीज जीव घेऊ शकते.

दुरुस्ती जाणणारा माणूस आधी पेटी उघडतो. इंटरप्टरचे टोक, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा जोडतोड करणारा बिंदू, ठिणगीने खड्डे पडून काळा झालेला असतो. जुन्या स्कूटरचा सीबी पॉइंट ज्याने घासला असेल त्याला हे काम सांगावे लागत नाही: तेच अंतर जमवायचे, तोच कानाला कळणारा आवाज. मग कंडेन्सर. मेणाच्या कागदाचा असेल तर तो ओलावा पिऊन नादुरुस्त झालेला असतो, अभ्रकाचा असेल तर बहुधा शाबूत. बदलायचा तर नवा आत लपवायचा आणि जुन्याचे खोके बाहेरून तसेच ठेवायचे, ही चांगल्या दुरुस्तीची पद्धत. मुठीतली कॉइल मेणात किंवा डांबरात बुडवलेली असते. ती वितळवायचा प्रयत्न करणारे बहुधा कॉइल गमावतात. आवरणांत आणि पुठ्ठ्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून घासताना तोंडावर मास्क. शेवटी वीज द्यायची ती मालिकेतल्या बल्बमधून, विलगीकरण ट्रान्सफॉर्मर लावून, व्होल्टेज हळूहळू चढवत. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे.

नळ्या दुरुस्त होत नाहीत. काच तडकली किंवा आत हवा शिरली की उजेड कायमचा गेला. म्हणून दुरुस्त पेटीत एखादी नळी मुकी असली तर तिला पर्यायी नवी नळी बसवण्यापेक्षा ती तशीच राहू द्यावी, असे मला वाटते. पेटीला इतिहास आहे तो तिच्या मोडतोडीसकट. पॉलिश करून चकाकवलेले पितळ आणि रंगवलेली बॅग पाहिली की मला राग येतो. ज्याने ती पेटी सत्तर वर्षांपूर्वी वापरली त्याच्या बोटांचे ठसे पुसून आपण काय मिळवतो?

एक गोष्ट मात्र दुरुस्तीनंतरही करू नये, आणि ती म्हणजे पेटी अंगाला लावणे. दुरुस्त पेटी म्हणजे वैद्यकीय उपकरण नव्हे. पेसमेकर असलेल्या माणसाजवळ ती चालू करणेही धोक्याचे आहे, कारण ती ठिणगी म्हणजे एक छोटे रेडिओ प्रक्षेपक यंत्रच आहे. शेजारच्या घरातला रेडिओ खरखरू लागेल, ते ऐकून ओळखता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत, विज्ञान प्रदर्शनात, काचेच्या आड, अंधारात तिचा जांभळा उजेड दाखवावा. मुलांना टेस्लाचा प्रयोग डोळ्यांपुढे दिसेल.

पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, यवतमाळच्या जुन्या वाड्यांत, जुन्या दवाखान्यांच्या माळ्यांवर किंवा जिनच्या कचेऱ्यांत अशी एखादी पेटी, हाताने फिरवायचे मॅग्नेटो किंवा विजेच्या पट्ट्याची जाहिरात असलेला जुना अंक पडून असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. पेटीबरोबरची पुस्तिका, व्ही. पी.ची पावती, पत्त्याचे लेबल जपून ठेवा, कारण वस्तूवर नव्हे, तर त्या कागदांवर गावाचे नाव आणि साल असते. फोटो काढा, कोणाची, केव्हाची, कशासाठी वापरली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास किंवा भौतिकशास्त्र विभागाला कळवा. आणि प्लग लावू नका.